एसीएल (गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट) तुटलंय, गुडघा सरळ होत नाही. ऑपरेशन लगेच करावं का?

मध्यरेषा:
धाकटा भाऊ १९ वर्षांचा, कबड्डीत चढाई करतो. तीन आठवड्यांपूर्वी मॅटवर वळताना पाय रोवला गेला आणि गुडघा आत वळला. 'टक्' आवाज आला, दोन तासांत टम्म सूज. एमआरआयमध्ये एसीएल पूर्ण तुटलेलं, आतल्या बाजूची गादीही (हाडांमधली कूर्चा, मेनिस्कस) फाटलेली. लंगडत चालतो, गुडघा पूर्ण सरळ होत नाही. नुसत्या व्यायामाने भागेल का? तोवर घरी काय करून घ्यावं?

सांधेदुरुस्ती:
एसीएलपेक्षा आधी गुडघा सरळ का होत नाही ते बघा. सूज आणि दुखण्यामुळे मांडीमागचे स्नायू आखडले असतील, तर तो रोज थोडाथोडा मोकळा होतो. फाटलेल्या गादीचा तुकडा सांध्यात अडकला असेल, तर मात्र ठरावीक जागी येऊन थटतो. तसं असेल तर थांबू नका. तुकडा चेंगरत राहिला की टाके घालण्याजोगा उरत नाही. गादीच्या बाहेरच्या कडेलाच रक्तपुरवठा चांगला असतो, तिथली चीर शिवली तर जुळून येते. आतल्या कडेची बहुतेक वेळा छाटावी लागते आणि छाटलेल्या गादीची किंमत पुढे सांध्याच्या झिजेत मोजावी लागते.

तुकडा अडकलेला नसेल तर एसीएलची घाई नको. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं तर नंतर तो आखडलेलाच राहण्याची भीती असते. एसीएल नडगीच्या हाडाला पुढे सरकण्यापासून आणि वळताना पिळण्यापासून आवरतं. सरळ चालायला त्याची फारशी गरज लागत नाही, म्हणून दीड-दोन महिन्यांत 'बरा झालो' असं वाटतं. मग पोरगं मैदानात उतरतं, गुडघा निसटतो आणि दर वेळी गादी आणखी फाटते. वळणं-थांबणं नसलेल्या आयुष्याला तीन महिने नेटाने व्यायाम करून बघणं योग्य आहे. चढाई करायची असेल तर मी ऑपरेशनच सुचवेन.

फिजिओ_सांगली:
गुडघा थटत नसेल तरच हे करा.
गुडघ्याखाली उशी अजिबात नको. आराम वाटतो, पण गुडघा वाकलेलाच राहतो. गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी सोडा, १० मिनिटं, दिवसातून ३-४ वेळा. मग मांडी आवळून गुडघ्याची मागची बाजू खाली दाबायची, १० सेकंद, १० वेळा. वाटी वर सरकताना दिसली पाहिजे. नाही सरकली तर मांडीचा स्नायू अजून जागा झालेला नाही. बर्फ कापडात गुंडाळून १५ मिनिटं. तेल लावून रगडणं, कुणाकडून 'बसवून घेणं' पूर्ण बंद.
ऑपरेशनआधी गुडघा दुसऱ्या पायाइतका सरळ, साधारण १२० अंश वाकणारा आणि चाल लंगडी नसलेली हवी.

पकड_कोच:
मैदानाची तारीख आत्ताच मनातून काढा. ऑपरेशननंतर किमान ९ महिने. चौथ्या महिन्यात पाय छान वाटतो, पण ऑपरेशनमध्ये बसवलेलं नवं लिगामेंट तेव्हा कच्चंच असतं. एका पायावरच्या उडीचं अंतर आणि मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या ९० टक्के झाल्याशिवाय चढाई नको. उडी घेऊन उतरताना गुडघा आत झुकतो का, तेही समोरून बघा.

मध्यरेषा:
आत्ताच तपासलं. एका जागी रबरासारखं थटतं, पुढे जातच नाही.

सांधेदुरुस्ती:
मग टॉवेलचा व्यायाम नको, जोर लावून सरळ करू नका. उद्याच सर्जनना दाखवा. नुसता रिपोर्ट नको, एमआरआयची फिल्म किंवा सीडी न्या. रिपोर्टमध्ये 'बकेट हँडल' (फाटलेल्या गादीचा तुकडा बादलीच्या कडीसारखा सांध्यात उलटलेला) लिहिलंय का पाहा आणि 'टाके घालता येतील का' हे आधी विचारा. टाके पडले तर ४ ते ६ आठवडे वजन टाकण्यावर आणि गुडघा वाकवण्यावर बंधनं येतील, कॉलेजला तसं कळवून ठेवा.