गॅमा किरणांनी लाल फॉस्फरस: उत्पन्न दर वेळी वेगळे का?

प्रश्न: बेंझीनमध्ये पांढरा फॉस्फरस विरघळवून कोबाल्ट-६० या गॅमा किरण देणाऱ्या स्रोतासमोर ठेवतो. लाल बहुवारिक (पॉलिमर) मिळते, पण वजन जुळत नाही.

उत्तर १: आधी द्रावणातला ऑक्सिजन काढा. गोठवा, निर्वात करा, वितळवा; असे ३ वेळा. वितळवताना वरून सुरुवात करा, नाहीतर कुपी तडकते. मग सील.

उत्तर २: नुसत्या वजनावर जाऊ नका! लाल गाळात द्रावकाचे, म्हणजे बेंझीनचे, तुकडेही जोडलेले असतात; मूलद्रव्य विश्लेषण हवेच. उरलेला पांढरा फॉस्फरस कार्बन डायसल्फाइडने धुवून काढा, पण ते धुवण गाळणकागदावर सुकू देऊ नका, मागे राहिलेला फॉस्फरस पेट घेतो.

उत्तर ३: किरणांची मात्रा कधी मोजली? कोबाल्टची तीव्रता महिन्याला सुमारे १ टक्का घटते. त्याच आकाराच्या कुपीत फ्रिके द्रावण (किरणांची मात्रा मोजणारे लोहक्षाराचे द्रावण) ठेवून पुन्हा मोजा.