ह्मोंग–डॅनिश रोजची वाक्यं: फ्रिजवर लावायच्या कागदासाठी मदत हवी

ओडेन्सवाली
आमच्या इमारतीत एक ह्मोंग (लाओसकडचा एक डोंगरी समाज) मुलगी राहते. माहेर लाओसमध्ये शियांग खुआंगकडे, नवरा इथला डॅनिश. बाळंतपणासाठी तिची आई येतेय. आईला डॅनिशचा गंध नाही, सासूबाईंना ह्मोंगचा नाही, आणि ही दवाखान्यात असताना दोघी विहिणी घरात एकट्या! म्हणून फ्रिजवर लावायला रोजच्या वाक्यांचा कागद करतोय. माझं डॅनिश तिच्याहून जरा बरं, त्यामुळे मी सापडले.

फोनवर भाषांतर करून बघितलं. ‘फार्मोर’ (बापाची आई) आणि ‘मोर्मोर’ (आईची आई), दोन्हींना एकच ह्मोंग शब्द आला. ‘टाक फॉर सिस्ट’चं तर काहीच्या बाहीच. पुन्हा भेट झाली की इथले लोक मागल्या भेटीबद्दल असे आभार मानतात. कुणी असलं काम केलंय का?

सेंटपॉलकर
मी अमेरिकेत मिनेसोटात असतो. इथे ह्मोंग वस्ती मोठी, १९७५ नंतर लाओसमधून आलेली, आमच्या ऑफिसातही बरेच जण आहेत. तुमच्या घोळाचं कारण बहुतेक मधली इंग्रजी. अशा जोड्यांत भाषांतर इंग्रजीच्या वाटेनं जातं, आणि तिथे दोन्ही आज्यांची एक होते. गंमत म्हणजे गूगलच्या भाषांतरात मराठी आणि ह्मोंग एकाच वेळी आल्या, मे २०१३ मध्ये.

नात्यांसाठी इंग्रजी सोडा, मराठीतून जा. फार्मोर म्हणजे ‘पॉ’, मोर्मोर म्हणजे ‘निआ ताय’. मोर्ब्रोर म्हणजे आपला मामा, त्यांचा ‘दा लाऊ’. फास्टर म्हणजे आत्या, तिकडे ‘फाऊ’. काकाला मात्र जपून: बापापेक्षा थोरला की धाकटा, यावर ह्मोंगमध्ये शब्द बदलतो. डॅनिश ‘फार्ब्रोर’ला त्याचं काही नसतं.

आणि पहिलं वाक्य पाण्याचं लिहा. ह्मोंग बाळंतीण महिनाभर गार पाण्याला शिवत नाही. गरम भात आणि पाल्याची कोंबडी, बस्स. तिच्या सासूबाई कौतुकानं फ्रिजमधला ज्यूस पुढे करतील आणि आईच्या पोटात गोळा येईल. ‘दे शॉ’ म्हणजे कोमट पाणी. डॅनिशमध्ये तुम्ही घाला.

ओडेन्सवाली
अगदी आमच्या आजीसारखं की! ‘लुंकेन्ट वॅन’ लिहिते. जेवणानंतरचं ‘टाक फॉर मॅल’ (जेवणाबद्दल आभार) कसं करू? ते नाही म्हटलं तर सासूबाईंना चुकल्यासारखं होतं.

अक्षरवेडी_सातारा
भाषांतर करूच नका. आईला ते दोन-तीन शब्द तसेच पाठ करू देत, सासूबाई ‘वेल्बेकम’ म्हणतील, काम झालं. उलट बाजूनं सासूबाईंना ‘नॉ मॉ लउ लॉ?’ शिकवा, म्हणजे ‘जेवलात का?’ तिकडे दारात भेटल्यावरही हे चालतं, आपल्यासारखंच. ‘कृपया’च्या नादी लागू नका. डॅनिशमध्ये त्याला सुटसुटीत शब्द नाही, आणि ह्मोंगमधला ‘थॉ’ विनवणीकडे झुकतो.

लिपीचं सांभाळा. १९५०च्या दशकात लाओसमध्ये मिशनऱ्यांनी बसवलेल्या रोमन लिपीत शब्दाच्या शेवटी दिसणारी बी, जे, व्ही, एस, जी, एम ही अक्षरं उच्चारायची नसतात, ती सुराची, म्हणजे शब्द चढ्या आवाजात म्हणायचा की उतरत्या, याची खूण असते. सासूबाई ती ठणकावून वाचणार! शिवाय आईंना ती लिपी वाचता येते का, हे आधी विचारा. नाहीतर प्रत्येक वाक्य मुलीच्या आवाजात फोनवर भरून घ्या. कागदावर नुसतं चित्र आणि नंबर.

सेंटपॉलकर
सुराबद्दल शंभर टक्के. आणि मनाच्या गोष्टी फोनला विचारूच नका. ह्मोंगमध्ये त्या सगळ्या ‘शिआ’त असतात, म्हणजे काळजात (खाटकाकडे मिळतं ते काळीज). वाईट वाटलं तर ‘तू शिआ’, शब्दशः काळीज तुटलं. डॅनिशमध्ये हे शब्दशः उतरलं तर सासूबाई रुग्णवाहिका बोलावतील. तिथे ‘याय एर केल अ ड’, मी दुःखी आहे, एवढंच ठेवा.

ओडेन्सवाली
हसून मेले! आवाज आजच भरून घेते. आकड्यांचं काय? डॅनिश ७५ म्हणजे आधी पाच, मग अर्धं-चौथं-वीस (साडेतीन विसा, म्हणजे सत्तर) असलं काहीतरी. आपल्याला पंचाहत्तरची सवय, पाच आधी आले तरी चालतात. तिला ते अजून जड जातं.

अक्षरवेडी_सातारा
ह्मोंगमध्ये सरळ सात-दहा-पाच. औषधाच्या वेळा आकड्यातच लिहा, बोलायची वेळच येऊ देऊ नका.