कुपवाडच्या मशिनवर साताऱ्यातून नवा कर्नल: अडकलं तर परत कसं आणायचं?

मंगळवार_तळं
मशिन सांगलीला कुपवाड एमआयडीसीतल्या एका युनिटमध्ये, मी साताऱ्यात. डेबियन १२, इंटेलचा साधा डेस्कटॉप बोर्ड, यूईएफआय, सिक्युअर बूट बंद. आयपीएमआय (मशिन लांबून चालू-बंद करायची सोय) वगैरे काही नाही. नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये बदल करून कर्नल (लिनक्सचा गाभा) बांधलाय. क्यूईएमयूमध्ये (आभासी मशिनमध्ये) तो नीट उठतो, पण तिथं हे कार्ड नाही, त्यामुळं खरी चाचणी कुपवाडलाच. संध्याकाळी तिथं कोणी नसतं. दिवसा असतात ते फार तर प्लग काढून परत लावतील. ग्रब-रीबूटनं (बूटलोडर ग्रबची, पुढच्या बूटचा कर्नल निवडणारी कमांड) नवा कर्नल एकदाच उठवायचा, बिघडलं तर आपोआप जुना, एवढ्यावर भागेल का?

हरिपूर_हळद
नाही भागणार. ग्रब-रीबूट फक्त पुढच्या वेळी कोण उठणार ते ठरवतं. पण नवा कर्नल पॅनिक होऊन (सावरता न येणाऱ्या चुकीनं थांबून) गोठला की ती पुढची वेळ येतच नाही. डिफॉल्ट सेटिंगला लिनक्स पॅनिकनंतर तसाच उभा राहतो. म्हणून नव्या कर्नलच्या कमांड लाइनमध्ये "पॅनिक=१०" आणि "ऊप्स=पॅनिक" हे दोन्ही हवेतच. पहिल्यानं पॅनिकनंतर दहा सेकंदांत रीबूट होतो. दुसऱ्यानं साध्या ऊप्सचंही (ज्यातून कर्नल चालू राहू शकतो अशा चुकीचंही) पॅनिक होतं, नाहीतर अर्धमेला कर्नल तसाच रखडत राहतो. डेबियनमध्ये आणखी एक फायदा: रूट डिस्क सापडली नाही तर इनिटरामएफएस (रूट डिस्क जोडण्याआधीची छोटी तात्पुरती सिस्टम) एरवी बिझीबॉक्सच्या प्रॉम्प्टवर कमांडची वाट बघत बसून राहतं, आणि तिथं कीबोर्डला कोण आहे? पॅनिकचा आकडा दिलेला असला की शेल न देता तेही रीबूट करतं.

दुसरा खड्डा जास्त वाईट. "ग्रब डिफॉल्ट" शून्यावर असेल तर नव्या कर्नलचं पॅकेज टाकल्या टाकल्या तोच यादीत वर येतो आणि डिफॉल्ट होऊन बसतो, तुम्ही ग्रब-रीबूट केलं असो वा नसो. डिफॉल्ट "सेव्हड" करा, अपडेट-ग्रब चालवा, आणि जुन्या कर्नलची नोंद आकड्यानं नव्हे, मेन्यूतल्या तिच्या आयडीनं पक्की करा. आकडे प्रत्येक कर्नलमागं सरकतात.

मिरज_मीटरगेज
वरचं बरोबर, पण आधी एलएसबीएलके (डिस्क-पार्टिशनची यादी) बघा. ग्रब "पुढची नोंद" ही खूण ग्रबएन्व्ह फाइलमध्ये ठेवतो आणि बूट होताना स्वतः पुसतो. बूट डिरेक्टरी एलव्हीएम किंवा सॉफ्टवेअर रेडवर (डिस्क एकत्र करून वाटणाऱ्या थरावर) असेल तर ग्रबला ती फाइल वाचता येते, लिहिता येत नाही. मग खूण पुसली जात नाही आणि मशिन दर वेळी त्याच बिघडलेल्या कर्नलकडे जातं. "पॅनिक=१०" असेल तर रात्रभर फेऱ्या मारत बसेल.

आणि मुळात: बदल फक्त ड्रायव्हरमध्ये असेल तर अख्खा कर्नल कशाला बदलताय? चालू कर्नलच्या हेडर्सवर नुसतं मॉड्यूल बांधा, लिब-मॉड्यूल्समध्ये न टाकता रूटच्या होममधून इन्समॉड (हातानं लोड) करा. काहीही झालं तरी रीबूटला जुनाच ड्रायव्हर लागतो. एकच कार्ड आहे, तर जुनं काढणं, नवं घालणं, १८० सेकंद थांबून परत जुनं लावणं हे सगळं एकाच स्क्रिप्टमध्ये घालून सिस्टमडी-रननं (लॉगिन सेशनपासून वेगळं, मागे चालणारं) सोडा. एसएसएचच्या सेशनमध्ये थेट चालवलंत तर पहिल्या ओळीलाच स्वतःची फांदी तोडाल.

मंगळवार_तळं
मॉड्यूलचा विचार केला होता, पण नेट कोअरमध्येही (कर्नलच्या नेटवर्कच्या मूळ भागातही) चार ओळी बदलल्यात, त्यामुळं कर्नलच हवा. आणि बूट डिरेक्टरी एलव्हीएमच्या आत निघाली. केएक्झेक (चालू कर्नलमधून थेट दुसरा उठवणं) वापरू का?

मिरज_मीटरगेज
एरवी हो म्हटलं असतं, कारण केएक्झेक ग्रबला हातच लावत नाही. पण त्यात फर्मवेअर चालत नाही, कार्ड जुन्या ड्रायव्हरनं सोडलेल्या अवस्थेत नव्याच्या हाती येतं. कार्डाच्याच ड्रायव्हरची चाचणी असताना तो निकाल धरू नये.

ग्रब बाजूला ठेवा. कर्नल आणि इनिटआरडी (इनिटरामएफएसचीच फाइल) ईएफआय पार्टिशनवर (फर्मवेअर थेट वाचतं त्यावर) वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करा (मॉड्यूल्स स्ट्रिप करून बसवा, डीबग माहितीसकट इनिटआरडी तिथं मावणार नाही). मग ईएफआय बूट मॅनेजरच्या "क्रिएट-ओन्ली" पर्यायानं नोंद करा; ती बूटऑर्डरमध्ये (फर्मवेअरच्या नेहमीच्या क्रमात) जात नाही. रूट, इनिटआरडीचा पाथ उलट्या स्लॅशनं, वरचे दोन पॅनिकचे शब्द आणि एक आपली खूण, समजा "चाचणी=१", हे त्या नोंदीतच द्या. शेवटी "बूटनेक्स्ट" ला तिचा नंबर. बूटनेक्स्ट फर्मवेअर एकदा वाचून पुसतं, म्हणून पुढच्या रीबूटला ग्रब आणि जुना कर्नल. काही बोर्डांचं फर्मवेअर अशा नोंदी परस्पर उडवतं, तेव्हा आधी जुनाच कर्नल या वाटेनं उठवून बघा.

हरिपूर_हळद
एक उरलंच: कर्नल नीट उठला, पॅनिक नाही, पण नेटवर्क मेलं. तुमच्या बाबतीत हेच होण्याची शक्यता सगळ्यात जास्त, आणि यात पॅनिकचा काही उपयोग नाही. सिस्टमडीचा टायमर लावा, बूटनंतर १५ मिनिटांनी चालणारा, कर्नल कमांड लाइनवर "चाचणी=१" असेल तरच. रन डिरेक्टरीत ठरलेली फाइल नसेल तर त्यानं रीबूट करावं. ती फाइल तुम्ही साताऱ्यातून लॉगिन करून हातानं बनवायची. गेटवेला पिंग लागतो यावर विसंबू नका, तो लागूनही तुमचं टनेल बंद असू शकतं. टायमर नेटवर्क-ऑनलाइनच्या मागं बांधू नका, नेटवर्क लटकलं की तोही लटकेल.

रीबूटही साध्या कमांडनं नको. ड्रायव्हरनं नेटवर्कचं लॉक धरून ठेवलं असेल तर शटडाऊन इंटरफेस बंद करतानाच अडकतो. प्रॉकमधल्या सिसआरक्यू-ट्रिगरमध्ये (कर्नलला थेट हुकूम देणाऱ्या फाइलमध्ये) एस, मग यू, मग बी लिहा: डिस्कवर लिहिणं पूर्ण, फाइल सिस्टम रीड-ओन्ली, थेट रीसेट.

मिरज_मीटरगेज
आणि दिवसा माणसं असताना नव्या कर्नलमध्ये त्याच ट्रिगरला सी लिहून मुद्दाम क्रॅश करा. दहा सेकंदांनी जुना उठला तरच रात्रीचं नाव घ्या. त्याआधी बायोसमध्ये वीज परत आल्यावर "पॉवर ऑन" आहे ना ते तिथल्या कोणाकडून बघून घ्या. "स्टे ऑफ" असेल तर प्लग काढून लावल्यावर मशिन बंदच राहील. नेटकन्सोलवर (नेटवर्कवरून येणारे कर्नलचे मेसेज) लॉग मिळणार नाहीत, ते याच कार्डावरून जाणार. ईएफआय-पीस्टोअर (फर्मवेअरच्या मेमरीत मेसेज जपणारी सोय) चालू ठेवा, पॅनिकचे शेवटचे मेसेज जुना कर्नल उठल्यावर सिस्टमडीच्या पीस्टोअर फोल्डरमध्ये सापडतील.