गाभाऱ्यातला कॅमेरा ते यूट्यूब: एफएफएमपेगचे ऑप्शन नेमके कुठे चुकताहेत?

वाडीवस्ती

नमस्कार मंडळी. देवस्थानाच्या थेट दर्शनाची जोडणी अशी आहे: गाभाऱ्यात आयपी कॅमेरा (१०८०पी, २५ फ्रेम, ४ एमबीपीएस, चित्राचं कॉम्प्रेशन एच.२६५, आवाजाचं जी.७११), तिथून साध्या स्विचवरून रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक. पायवर बुकवर्म ही ऑपरेटिंग सिस्टम आणि व्हिडिओ घेऊन पुढे पाठवणारा प्रोग्राम एफएफएमपेग ५.१. बाहेर जायला ४जी राउटर, अपलोड साधारण ६ एमबीपीएस. शेवटी यूट्यूब. मध्ये एक व्हीपीएसही (भाड्याचा सर्व्हर) घेतला आहे, तिथपर्यंत पिंग (जाऊन परत यायचा वेळ) ८० मिलिसेकंदांच्या आसपास. अडचणी या:

१. चित्राचा खालचा अर्धा भाग राखाडी होऊन ओघळतो. लॉगमध्ये ‘आरटीपी: मिस्ड अमुक पॅकेट्स’ (म्हणजे वाटेत पॅकेटं हरवली) असं सारखं येतं.

२. कॅमेऱ्याची किती वेळ वाट पाहायची ते ठरवायला ‘-एसटाइमआउट’ दिलं तर ऑप्शन सापडत नाही म्हणतो. त्याऐवजी ‘-टाइमआउट ५’ दिलं तर कमांड लगेच बंद पडते.

३. ‘-सी कॉपी -एफ एफएलव्ही’ (चित्र आहे तसं, यूट्यूबसाठीच्या एफएलव्ही साच्यात) केलं की कोडेक (कॉम्प्रेशनचा प्रकार) एफएलव्हीशी जुळत नाही असा एरर.

४. व्हीपीएसपर्यंत एसआरटी (हरवलेली पॅकेटं पुन्हा मागवणारी, यूडीपीवरची पद्धत) करून पाहिलं, लेटन्सी (त्यासाठी राखलेला वेळ) २०० ठेवली, तरी चित्र तुटतं. शिवाय कमांड दिली की प्रॉम्प्ट लगेच परत येतो.

गाभाऱ्यातला आवाज लोकांना ऐकवायचा नाही, फक्त चित्र हवं. कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलता येत नाही आणि त्यात @ आहे.

पॅकेटमोजणी

चारही अडचणी वेगवेगळ्या आहेत, एकत्र सोडवायला जाऊ नका. मी कॅमेरा ते पाय एवढंच घेतो. (ऑप्शन वाचायच्या सोयीने देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच रोमन.)

आधी कॅमेऱ्याच्या वेबपेजवर जा. मेन स्ट्रीम एच.२६५ वरून एच.२६४ वर आणा. आय-फ्रेम (इतर फ्रेमवर न बेतलेली, पूर्ण चित्राची फ्रेम) इंटरव्हल ५० करा, म्हणजे २५ फ्रेमला बरोबर २ सेकंद. तिथेच ‘स्मार्ट कोडेक’ किंवा तत्सम नावाची सोय असेल तर बंद करा. ती चालू असेल तर हालचाल नसताना कॅमेरा आय-फ्रेम लांबवत नेतो, आणि गाभाऱ्यात दुपारी हालचाल ती कसली! एवढ्यानेच तुमची तिसरी अडचण मिटते. ५.१ मधल्या एफएलव्हीत एच.२६५ बसत नाही, ती सोय ६.१ पासून आली. पायवर एच.२६५ उलगडून पुन्हा एच.२६४ करत बसू नका. कॅमेरा जे फुकट करून देतोय ते पायकडून घाम गाळून कशाला करून घ्यायचं?

आता राखाडी चित्र. एक आय-फ्रेम ३०० केबीची धरली तर १४०० बाइटची दोनशेच्या वर पॅकेटं एका दमात बाहेर पडतात. यूडीपी गळालेलं पॅकेट पुन्हा पाठवत नाही, टीसीपी पाठवतं; यूडीपीवर त्यातलं एक जरी गळालं तरी पुढची आय-फ्रेम येईपर्यंत सगळे फ्रेम त्या खड्ड्यावरच बेतलेले असतात, म्हणून चित्र ओघळतं. उपाय: ‘-आरटीएसपी_ट्रान्सपोर्ट टीसीपी’ (आरटीएसपी म्हणजे कॅमेऱ्याकडून स्ट्रीम घ्यायची पद्धत). पण तो ‘-आय’च्या आधी हवा. एफएफएमपेगमध्ये ‘-आय’च्या आधी लिहिलेलं त्या इनपुटला लागतं आणि नंतरचं पुढच्या फाइलला, मग ती दुसरं इनपुट असो की आउटपुट.

टाइमआउटचं असं आहे की जुन्या लेखांमधला ‘-एसटाइमआउट’ ५.० पासून काढला आणि त्याचं काम ‘-टाइमआउट’कडे दिलं. जुन्या आवृत्तीत आरटीएसपीसाठी ‘-टाइमआउट’चा अर्थच निराळा होता, येणाऱ्या जोडणीची वाट पाहणं. त्यामुळे आवृत्ती न बघता कुठलीही कमांड उचलू नका. आणि एकक मायक्रोसेकंद! तुम्ही ५ दिलंत म्हणजे सेकंदाचा दोन लाखावा भाग, तेवढ्यात टीसीपीचा हात मिळवून होत नाही. ५ सेकंद हवे तर ५०००००० लिहा, पन्नास लाख.

पासवर्डमधला @ यूआरएलमध्ये %४० असा लिहायचा. नाहीतर पासवर्ड कुठे संपतो आणि होस्टचं नाव कुठे सुरू होतं यात घोळ होऊ शकतो. # असता तर %२३.

रात्रपाळी_सर्व्हर

वरच्याला दुजोरा. पुढचा टप्पा, यूट्यूबकडे.

आवाज नको असला तरी ऑडिओ ट्रॅक हवाच. नुसत्या चित्राच्या स्ट्रीमला यूट्यूब कुरकुर करतं. म्हणून शांतता (‘एनलसोर्स’) तयार करून जोडायची; शेवटचा आरटीएमपीएस पत्ता आणि की यूट्यूबकडची:

एफएफएमपेग -नोएसटीडीइन -आरटीएसपी_ट्रान्सपोर्ट टीसीपी -टाइमआउट ५०००००० -आय "आरटीएसपी://युजर:पासवर्ड@कॅमेरा:५५४/पाथ" -एफ लॅव्हफाय -आय एनलसोर्स=आर=४४१००:सीएल=स्टीरिओ -मॅप ०:व्ही -मॅप १:ए -सी:व्ही कॉपी -सी:ए एएसी -बी:ए १२८के -शॉर्टेस्ट -एफ एफएलव्ही "आरटीएमपीएस://…/की"

यातला ‘-शॉर्टेस्ट’ विसरू नका. एनलसोर्सला शेवट नाही. कॅमेरा गेला तर व्हिडिओ संपतो, पण एफएफएमपेग सुखाने शांतता पाठवत बसतो. प्रोसेस जिवंत, स्क्रीन काळी, आणि सिस्टमडीला (लिनक्सवर सेवा चालू ठेवणाऱ्या यंत्रणेला) वाटतं सगळं आलबेल आहे.

‘-आरई’ लावू नका. ते डिस्कवरची फाइल खऱ्या वेगाने वाचायला असतं. कॅमेरा मुळातच खऱ्या वेगाने देतो, त्यावर आणखी लगाम घातला की मागे पडत जातं. शेवटी ‘हेडरमध्ये कालावधी लिहिता आला नाही’ अशी ओळ येते, तिच्याकडे दुर्लक्ष करा किंवा ‘-एफएलव्हीफ्लॅग्ज नो_ड्युरेशन_फाइलसाइझ’ द्या.

‘-रीकनेक्ट’ आणि ‘-रीकनेक्ट_स्ट्रीम्ड’ इथे डकवणारे बरेच दिसतात. ते एचटीटीपीचे ऑप्शन आहेत, आरटीएसपी-आरटीएमपीला त्यांचा उपयोग नाही. पुन्हा उठवायचं काम सिस्टमडीवर सोपवा: रीस्टार्ट=ऑलवेज, रीस्टार्टसेक=५. रीस्टार्टसेक न लिहिल्यास तो १०० मिलिसेकंदांनीच पुन्हा उठवतो, आणि १० सेकंदांत ५ वेळा उठवून झालं की हात टेकतो. ४जी दोन मिनिटं गेलं तर तुमची सेवा कायमची ‘फेल्ड’. शिवाय युनिट फाइलमध्ये टक्क्याच्या चिन्हाला खास अर्थ असतो, तेव्हा %४० तिथे %%४० लिहा.

यूट्यूबची की आणि पासवर्ड ‘पीएस’च्या (चालू प्रोसेसच्या) यादीत उघडे दिसतात. वेगळ्या फाइलमधून उचललेत तरी कमांड चालू असताना दिसणारच. त्या पायवर दुसऱ्या कुणाला युजर देऊ नका, आणि इथे लॉग टाकताना की पुसून टाका.

केबलजोड

एसआरटीबद्दल.

प्रॉम्प्ट लगेच परत येतो कारण यूआरएल अवतरणात नाही. शेलला & दिसला की त्याच्या आधीचं बॅकग्राउंडला जातं आणि पुढचं ‘लेटन्सी=२००’ म्हणजे निव्वळ एक व्हेरिएबल ठरतं. एफएफएमपेगपर्यंत लेटन्सी पोचलीच नव्हती! पूर्ण यूआरएल अवतरणात घाला.

पोचली असती तरी फरक पडला नसता. एफएफएमपेगच्या एसआरटीत लेटन्सी मायक्रोसेकंदांत असते, म्हणजे तुमचे २०० म्हणजे ०.२ मिलिसेकंद. एसआरटीची स्वतःची टूल, उदाहरणार्थ एसआरटी-लाइव्ह-ट्रान्समिट, तोच आकडा मिलिसेकंदांत घेतात. तिथली कमांड इकडे आणली की हजारपटीचा घोळ. गंमत म्हणजे एफएफएमपेगच्या याच प्रोटोकॉलमधला ‘कनेक्ट_टाइमआउट’ मात्र मिलिसेकंदांत आहे. शंका आली की ‘एफएफएमपेग -एच प्रोटोकॉल=एसआरटी’ काढा, प्रत्येक ऑप्शनपुढे एकक लिहिलेलं असतं. आरटीएसपीला प्रोटोकॉल म्हणून शोधलंत तर मिळणार नाही, ते ‘-एच डीमक्सर=आरटीएसपी’ मध्ये.

दोन्ही टोकांनी वेगळी लेटन्सी सांगितली तर मोठी लागू होते. न सांगितल्यास १२० मिलिसेकंद. तुमचा राउंड ट्रिप ८०, म्हणजे हरवलेलं पॅकेट मागून परत येईस्तोवर वेळ जवळजवळ संपलेली. नियम साधा आहे: राउंड ट्रिपच्या चौपट तरी ठेवा, इथे ३२०. पण यूट्यूबवर बघणारा तसाही कित्येक सेकंद मागे असतो, तेव्हा कंजुषी कशाला? सरळ १००००००, दहा लाख, म्हणजे १ सेकंद द्या.

पाय ४जीच्या मागे आहे, त्याला बाहेरून हाक मारता येत नाही. म्हणून पाय कॉलर (हाक मारणारा), व्हीपीएस लिसनर (वाट पाहणारा). पायवर शेवट असा: -एफ एमपेगटीएस "एसआरटी://व्हीपीएस:९०००?मोड=कॉलर&लेटन्सी=१००००००&पासफ्रेज=…" आणि व्हीपीएसवर इनपुट "एसआरटी://०.०.०.०:९०००?मोड=लिसनर&लेटन्सी=१००००००&पासफ्रेज=…", तिथून ‘-सी कॉपी -एफ एफएलव्ही’. पासफ्रेज किमान १० अक्षरं, कमाल ७९. फायरवॉलमध्ये ९००० यूडीपी उघडा, मशीनवर आणि होस्टिंगच्या पॅनेलवर, दोन्हीकडे. सवयीने टीसीपी उघडून रात्रभर डोकं धरून बसणारे कमी नाहीत. लिसनर एका वेळी एकच जोडणी घेतो आणि ती तुटली की बाहेर पडतो, त्यामुळे व्हीपीएसवरही सिस्टमडी लागेल.

पुढेमागे आवाज सुरू केलात तर लक्षात ठेवा, जी.७११ एमपेग-टीएसमध्ये (एसआरटीवरून पाठवतोय त्या साच्यात) ‘प्रायव्हेट डेटा’ म्हणून जातो आणि पलीकडे ओळखला जात नाही. पायवरच एएसी करा.

आणि ६ च्या अपलोडवर ४ एमबीपीएस जास्त आहे. हरवलेली पॅकेटं पुन्हा पाठवायला जागा लागते. कॅमेऱ्यावर २.५ ते ३ करा आणि व्हेरिएबलऐवजी कॉन्स्टंट बिटरेट निवडा. आरतीला दिवे हलले, गर्दी आली की व्हेरिएबल बिटरेट उसळतो, म्हणजे नेमका जेव्हा सगळे बघत असतात तेव्हा.

रात्रपाळी_सर्व्हर

@केबलजोड, एक शंका. एकट्या यूट्यूबसाठी मध्ये व्हीपीएस हवाच का? नेट स्थिर असेल तर थेट आरटीएमपीएस ४४३ पोर्टवरून पुरे. बिघडणाऱ्या जागा निम्म्या होतात.

केबलजोड

नेट स्थिर असेल तर नकोच. प्रश्न ४जीवर पॅकेटं गळण्याचा आहे. आरटीएमपी टीसीपीवर चालतं. गळती वाढली की टीसीपी वेग कमी करतो, एफएफएमपेग लिहिताना अडकतो, अडकल्यामुळे कॅमेऱ्याकडून वाचत नाही, आणि शेवटी कॅमेराच जोडणी तोडतो. लॉगमध्ये एरर आरटीएसपीचा दिसतो आणि माणूस कॅमेऱ्याची वायर बदलत बसतो.

ओळखायची खूण: स्टेटसच्या ओळीत शेवटी ‘स्पीड=’ असतं. थेट प्रक्षेपणात ते १एक्सच्या आसपास राहायला हवं. ०.९७, ०.९४, ०.९ असं घसरताना दिसलं तर बाहेरचा रस्ता तुंबला आहे. स्पीड १ आणि तरीही पॅकेटं गळतात, तर मग कॅमेरा, स्विच, वायर.

@वाडीवस्ती, आधी थेट करून एक संध्याकाळ ती ओळ बघा, मग व्हीपीएसचं ठरवा.

वाडीवस्ती

केलं. एच.२६४, इंटरव्हल ५०, स्मार्ट कोडेक बंद, ३ एमबीपीएस कॉन्स्टंट. टीसीपी केल्यावर राखाडी चित्र पूर्ण गेलं. थेट आरटीएमपीएसवर दुपारी स्पीड १एक्स, संध्याकाळी सात ते नऊ ०.९२ पर्यंत घसरला आणि दोनदा तुटलं. मग एसआरटी लावलं, अवतरणात आणि दहा लाखावर. काल आणि आज सात ते नऊ एकदाही तुटलं नाही.

आता शेवटचं. ऑफिसात त्याच लॅनवर एफएफप्लेने (एफएफएमपेगसोबत येणाऱ्या प्लेअरने) कॅमेरा बघतो, तिथे चित्र ४-५ सेकंद मागे असतं. तिथे तर इंटरनेटही नाही!

पॅकेटमोजणी

एफएफप्ले सुरुवातीला स्ट्रीम ओळखायला ५ सेकंदांपर्यंत डेटा साठवतो आणि मग त्या साठ्यामागूनच चालत राहतो. ‘-एफफ्लॅग्ज नोबफर -फ्लॅग्ज लो_डिले -अ‍ॅनलाइझड्युरेशन ५०००००’ द्या, हेही मायक्रोसेकंद, म्हणजे अर्धा सेकंद. काही ठिकाणी ‘-प्रोबसाइझ ३२’ सुचवलेलं दिसेल. ३२ बाइटमध्ये चित्राची लांबीरुंदीसुद्धा हाती लागेलच असं नाही, मग ‘कोडेक पॅरामीटर सापडले नाहीत’ म्हणून अडतं. त्यापेक्षा कॅमेऱ्याचा सबस्ट्रीम (लहान आकाराचा दुसरा स्ट्रीम) लावा. ऑफिसातल्या छोट्या चौकटीला १०८०पी कशाला हवं.