३ मिमीच्या कॅव्हन्साइटचा ४एक्स फोटो: घरगुती प्रकाश आणि रेल कशी जमवावी?

गारगोटी

वाघोलीच्या खाणीतला कॅव्हन्साइट या निळ्या खनिजाचा नमुना आहे. पांढऱ्या स्टिल्बाइट खनिजावर निळा झुबका, रुंदी ३ मिमी, उंची साधारण २ मिमी. झुबक्यातली सुई न सुई सुटी दिसेल असा फोटो हवा आहे.

जवळचं सामान: कॅननचा एपीएस-सी डीएसएलआर, एक मॅन्युअल स्पीडलाइट आणि ट्रिगर, दोन एलईडी टेबल लॅम्प, कॅमेरा पुढेमागे सरकवायला हाताने फिरवायची साधी रेल. ४एक्स (चौपट) मायक्रोस्कोप ऑब्जेक्टिव्हवर (सूक्ष्मदर्शकाचं नमुन्याकडचं भिंग) १६०/०.१७ आणि ०.१० असं कोरलंय. ते सध्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात बसवून कॅमेऱ्याला लावलंय.

अडचणी तीन. सगळ्या फोटोवर दुधाळ पडदा येतो. स्टिल्बाइटच्या पानांवर पांढरे जळके ठिपके पडतात. आणि वेगवेगळ्या फोकसचे ४० फोटो स्टॅक केले, म्हणजे एकात जोडले, की सुयांच्या कडा दुहेरी दिसतात. लेन्सच बदलावी लागेल का?

काजळी

लेन्स बदलू नका. पडद्याचं कारण बहुतेक तो पीव्हीसी पाइप आहे. कॅमेरा काढून मागच्या बाजूने पाइपात डोकावा. आतली भिंत चकाकताना दिसली तर ती चकाकी सेन्सरवरही पडतेय. काळा ऑइलपेंट पुरत नाही, कारण तिरप्या कोनातून तोही चमकतो. पाठीला गोंद असलेला काळा मखमली कागद आतून चिकटवा. शिवाय नळीच्या मधोमध काळ्या कार्डाची चकती बसवा, मध्ये २० मिमीचं भोक ठेवून. बाजूचा फालतू प्रकाश तिथेच अडतो.

आता लांबी. १६० म्हणजे नळीची यांत्रिक लांबी, पण प्रतिमा आयपीसच्या बैठकीच्या १० मिमी खाली पडते. म्हणून ऑब्जेक्टिव्हच्या खांद्यापासून सेन्सरपर्यंत १५० मिमी धरा. कॅनन ईएफ माउंटपासून सेन्सर ४४ मिमी आत असतो, तेव्हा नळी १०६ मिमी हवी. ७, १४ आणि २८ मिमीच्या एम४२ (४२ मिमी आट्यांच्या) एक्स्टेन्शन ट्यूबचे दोन संच जोडले की ९८ होतात, उरलेलं अडॅप्टरच्या जाडीत जवळपास भरून निघतं. ५-१० मिमी इकडेतिकडे झालं तरी ०.१० एनएला (कोरलेलं ०.१०, म्हणजे भिंग किती रुंद कोनातून प्रकाश घेतं ते) चालतं, मॅग्निफिकेशन तेवढं किंचित बदलेल. अडॅप्टर मागवताना आरएमएस ते एम४२ असा मागा. आरएमएस म्हणजे ऑब्जेक्टिव्हचे आटे, ते २०.३२ मिमीचे असतात. कोरलेलं ०.१७ म्हणजे कव्हर ग्लासची जाडी. तुमच्या नमुन्यावर काच नाही, पण एवढ्या कमी एनएला त्याने फरक पडत नाही.

कोपरे मऊ येतील, ते मान्य करून चाला. हे ऑब्जेक्टिव्ह १८-२० मिमीच्या वर्तुळासाठी बनवलेलं आहे आणि तुमच्या सेन्सरचा कर्ण सुमारे २७ मिमी. फ्रेमची रुंदी साधारण ५.६ मिमी येते, म्हणजे ३ मिमीचा झुबका मधोमध ठेवला की चांगल्या भागात बसतो.

संधिप्रकाश

जळके ठिपके म्हणजे स्फटिकाच्या आरशात दिसणारा तुमचा दिवा. आरशात जे दिसेल तेच फोटोत येणार, त्यामुळे दिवा मंद करून उपयोग नाही. तो स्फटिकाला मोठा आणि सलग दिसला पाहिजे. तीन मिमीच्या खड्याला २ सेंटिमीटरवरचा बटर पेपर म्हणजे आख्खं आभाळ.

बटर पेपरची ५ सेंटिमीटर व्यासाची नळी करा, खडा मधोमध आणि ऑब्जेक्टिव्हचं टोक वरून आत. बाहेर ३-४ सेंटिमीटर मोकळी जागा सोडून ट्रेसिंग पेपरचा दुसरा थर लावा. थरांमधली ही पोकळीच खरं काम करते. दोन कागद एकाला एक चिकटवले तर फक्त प्रकाश कमी होतो. फ्लॅश बाहेरच्या थरापासून १२-१५ सेंटिमीटर लांब ठेवा. कागदाला टेकवला तर कागदावर एक छोटा प्रखर डाग पडतो आणि स्फटिकात पुन्हा तोच ठिपका दिसतो. समोरच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करा, सावल्या उजळतील.

एवढ्यावर फोटो सपाट दिसेल, कारण सगळीकडून सारखा पांढरा प्रकाश आला की स्फटिकाच्या कडा हरवतात. आतल्या नळीवर बाहेरून ५-६ मिमी रुंदीची काळ्या कागदाची एक-दोन उभी पट्टी लावा. स्टिल्बाइटच्या पानांत तिचं काळं प्रतिबिंब पडून कड उठून दिसते. पट्टी सरकवत लाइव्ह व्ह्यूमध्ये बघत राहा. या कामाला अर्धा तास द्या, फोटोचा जीव त्यातच आहे. बघण्यापुरता एलईडी लॅम्प पेटवा, पण फोटो काढताना बंद. अनेक स्वस्त एलईडी दिवे १०० हर्ट्झने लुकलुकतात, मग स्टॅकमधल्या फोटोंचा उजेड कमीजास्त होतो.

फ्लॅश १/३२ वर ठेवला तर त्याचा झोत साधारण सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून छोटा असतो. खोली अंधारी, शटर १/१६०, म्हणजे आरशाचा धक्का आणि जमिनीची थरथर दोन्ही गोठतात. प्रकाश कमी पडला तर आयएसओ ४०० पर्यंत न्या, पण फ्लॅशची पॉवर फार वाढवू नका. एक्स्पोजर पांढऱ्या स्टिल्बाइटवर धरा, निळा रंग रॉ फाइलमधून वर काढता येतो. आणि कॅननवर फ्लॅश दुसऱ्या कंपनीचा असेल तर लाइव्ह व्ह्यूमधलं सायलेंट शूटिंग बंद ठेवा. ते चालू असताना असा फ्लॅश पेटतच नाही.

हॅलोजनचा दिवा जवळ नको. स्टिल्बाइट झिओलाइट (स्फटिकात पाणी असलेलं खनिज) आहे, तापला की त्यातलं पाणी निघून जातं.

पेचकस

दुहेरी कडा रेलमुळे. ०.१० एनएला फोकसची खोली सुमारे ५५ मायक्रॉन असते (५५० नॅनोमीटरला ०.१० च्या वर्गाने भागा). प्रत्येक पाऊल ४० मायक्रॉनचं हवं, नाहीतर दोन फोटोंच्या मध्ये अस्पष्ट पट्टी उरते. २ मिमी खोलीला ५० पावलं, पुढेमागे थोडी जास्त घेऊन ६० फोटो. साध्या रेलच्या गोल नॉबने ४० मायक्रॉन हाताने जमत नाहीत, शिवाय प्रत्येक वेळी हात लागून फ्रेम हलते.

नेमा १७ स्टेपर मोटर (एका फेरीत २०० पावलं) आणि ८ मिमी लीडचा (एका फेरीत ८ मिमी सरकवणारा) टी८ स्क्रू घेतलात तर एक पूर्ण पाऊल बरोबर ४० मायक्रॉन होतं. मायक्रोस्टेपिंगची (पावलाचे आणखी तुकडे करण्याची) गरजच नाही. ए४९८८ ड्रायव्हरच्या (मोटर चालवणारा छोटा बोर्ड) एमएस१, एमएस२, एमएस३ पिना मोकळ्या ठेवल्या की तो पूर्ण पावलावर चालतो. रिसेट आणि स्लीप एकमेकांना जोडा, हे विसरलं की मोटर गप्प बसते. मोटरच्या सप्लायवर, ड्रायव्हरच्या अगदी जवळ, १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. करंट ०.७ अँपिअर पुरे. बोर्डावरचे सेन्स रेझिस्टर ०.१ ओहमचे असतील तर व्हीरेफ (करंटची मर्यादा ठरवणारा व्होल्टेज) ०.५६ व्होल्ट. सप्लाय चालू असताना मोटरची वायर काढू नका, ड्रायव्हर जळतो.

शटरसाठी आर्डुइनो नॅनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाची एक पिन, ३३० ओहमचा रेझिस्टर आणि पीसी८१७ ऑप्टोकपलर (प्रकाशाने चालणारा स्विच). २.५ मिमी जॅक असलेल्या कॅननला टोक म्हणजे शटर, मधली रिंग फोकस, मागचा भाग ग्राउंड. कलेक्टर टोकाला, एमिटर ग्राउंडला. क्रम असा: एक पाऊल, २ सेकंद थांबा, शटर, फ्लॅश भरायला ३ सेकंद. तेवढ्या वेळात मोटरचा करंट तोडू नका.

बॅकलॅश (दिशा बदलताना स्क्रूतली ढिलाई): सुरुवातीच्या जागेच्या अर्धा मिमी मागे जाऊन पुढे या आणि संपूर्ण स्टॅक त्याच दिशेने घ्या. कॅमेरा सरकवा, खडा आणि कागदाची नळी जागेवर ठेवा. प्रकाशाच्या संदर्भात खडा हलला तर प्रत्येक फोटोत चकाकी वेगळ्या जागी येते आणि स्टॅकमध्ये तिची भुतं दिसतात. नमुना क्लेवर बसवला असेल तर क्ले दाबल्यावर पंधरा मिनिटं सोडून द्या. ती हळूहळू खचते, आणि चौपट मोठ्या प्रतिमेत ते सहज कळतं.

पाया म्हणून कडप्पाची फरशी, खाली स्कूटरची अर्धवट हवा भरलेली ट्यूब. पंखा बंद.

गारगोटी

चकाकी मारायला पोलराइज्ड फिल्म चालेल का? आणि स्टॅक कशात करू?

संधिप्रकाश

चालेल, पण फिल्म कागदाच्या आतल्या बाजूला, खड्याकडे हवी. कागदातून गेल्यावर प्रकाशाचं ध्रुवीकरण मोडतं, म्हणून फ्लॅशवर लावलेल्या फिल्मचा काही उपयोग होत नाही. लेन्सच्या बाजूला काचेचा फिल्टर ऑब्जेक्टिव्हच्या मागे बसवा, स्वस्त फिल्म प्रतिमेच्या वाटेत नको. फिल्म आणि फिल्टर एकमेकांना पूर्ण आडवे-उभे मात्र करू नका. स्टिल्बाइटमध्ये खोटे रंग उमटतात आणि त्याची मोत्यासारखी झळाळीही मरते. झळाळी नसेल तर तो स्टिल्बाइट ओळखूच येणार नाही. फिल्टर फिरवत ठिपके निम्मे झाले की थांबा. मी आधी कागद आणि काळ्या पट्ट्यांवर भर देईन.

पेचकस

झिरीन स्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये पीमॅक्स ही पद्धत वापरा. एकमेकींवरून जाणाऱ्या सुयांना तेच सोसतं, डीमॅप या दुसऱ्या पद्धतीत पुढच्या सुईभोवती धुरकट कड येते. पीमॅक्स नॉइज वाढवतं, म्हणून आयएसओ आवरा. फुकट हवं असेल तर ह्युजिनसोबत येणारं अलाइन इमेज स्टॅक आणि एन्फ्यूज. स्टॅकच्या आधी ब्लोअरने सेन्सर साफ करा, कारण एक धुळीचा कण साठ फोटोंतून रेघ ओढतो.