सॅफच्या आधीचा कोलंबो कप

दक्षिण आशियाई देशांच्या फुटबॉल स्पर्धांची सुरुवात १९९३ साली लाहोरला झाली, असं म्हटलं जातं. सॅफ या दक्षिण आशियाई स्पर्धेपुरतं ते बरोबर, पण त्याच्या चाळीस वर्षं आधी कोलंबो कप होऊन गेला होता. भारत, पाकिस्तान, सिलोन (आजचं श्रीलंका) आणि ब्रह्मदेश असे चारच देश. पात्रता फेरी वगैरे भानगड नाही, प्रत्येकाने इतर तिघांशी एकेक सामना खेळायचा. १९५२ ला कोलंबो, मग रंगून, कलकत्ता आणि १९५५ ला ढाका. ढाका तेव्हा पाकिस्तानात होतं हे लक्षात घ्या, म्हणजे तिथे जिंकण्याचं मोल कळेल.

चारही वेळा कप भारताकडे आला. फक्त पहिल्या वर्षी तो पाकिस्तानबरोबर वाटून घ्यावा लागला, कारण आपसातला सामना ०-० सुटला आणि गुण सारखे झाले.

मला यातलं १९५२ सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याच वर्षी हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुतलं होतं, आपले बरेचसे खेळाडू अनवाणी होते. हैदराबाद सिटी पोलिस संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम या काळात राष्ट्रीय संघाला घडवत होते. १९६२ च्या जकार्ता एशियाडमधल्या सुवर्णपदकाबद्दल सगळे बोलतात, या चार कपांबद्दल कोणीच नाही.

आणि ब्रह्मदेशाला लिंबूटिंबू समजू नका. १९६६ च्या एशियाडचं सुवर्ण त्यांचंच.