‘पिन जॉइंट’ला मराठीत काय लिहावं : सांधा, जोड की बिजागरी?

विचारणा : पत्र्याच्या शेडच्या पोलादी कैचीवर (ट्रसवर, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यावर) डिप्लोमाच्या मुलांसाठी मराठीत टिपणं काढतो आहे. स्टाडमध्ये (सांगाड्याचा हिशेब करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) मेंबरचं, म्हणजे सांगाड्यातल्या एका दांड्याचं, टोक आपण ‘पिन’ करतो, त्याला ‘बिजागरी’ लिहिलं. मुलं विचारतात, ‘सर, ड्रॉइंगमध्ये गसेट प्लेट (मेंबर जोडणारा सपाट पत्रा) आणि चार बोल्ट दिसतात, बिजागरी कुठे आहे?’ दुसरा शब्द सुचवाल का?

उत्तर : मुलांचं बरोबर आहे. अमेरिकेत 19व्या शतकातल्या रेल्वेपुलांवर आयबारच्या (टोकाला भोक असलेल्या पोलादी पट्टीच्या) भोकांतून खरोखरच एक जाड पिन घातलेली असायची, तिथे हा शब्द अक्षरशः खरा होता. आपल्या शेडमध्ये पिन नसते, असतं ते फक्त गृहीतक : टोकाशी मोमेंट (वाकवणारा किंवा पिळणारा जोर) पोचत नाही. म्हणून वस्तूचं नाव न देता, प्रोग्रॅम ज्याला ‘रिलीज’ म्हणतो त्याला ‘मोकळीक’ म्हणा. ‘तिरप्या मेंबरच्या दोन्ही टोकांना एमवाय आणि एमझेडची मोकळीक दिली’ हे वाक्य वर्कशॉपमध्येही कळतं. (एमवाय, एमझेड हे मेंबरला दोन बाजूंना वाकवणारे मोमेंट, एमएक्स त्याला स्वतःभोवती पिळणारा.) एमएक्सची मोकळीक मात्र दोन्ही टोकांना देऊ नका, मेंबर स्वतःभोवती फिरायला मोकळा होतो आणि प्रोग्रॅम अस्थिरतेची सूचना देतो.

दुसरं उत्तर : ‘मोकळीक’ चांगला आहे, पण सांधा आणि जोड यांतला फरकही मुलांना सांगा. सांधा हलतो, आखडतो, निखळतो. जोड माणूस करतो, तो पक्का किंवा कच्चा असतो, सुटतो. बोल्ट, वेल्ड, गसेट हा सगळा जोड. तो वळायला किती जागा देतो, हा सांध्याचा गुण. चार बोल्टांचा गसेट म्हणजे आखडलेला सांधा : पुरता मोकळा नाही, पुरता जखडलेलाही नाही. आयएस 800:2007 (पोलादी बांधकामाचं भारतीय मानक) हेच मान्य करतं. कैचीच्या प्रतलात दाबाच्या मेंबरची परिणामी लांबी (दाबाने बाक येण्याच्या हिशेबात धरायची लांबी) 0.7 ते 1.0 पट धरा म्हणतं, टोकाच्या जखडणुकीप्रमाणे. प्रतलाबाहेर मात्र पूर्ण लांबी.

विचारणाऱ्याकडून : मग स्टाडमध्ये सगळ्या मेंबरना सरसकट ‘ट्रस मेंबर’ हा प्रकार लावला तर? मोकळीक वेगळी द्यावी लागत नाही.

दुसरं उत्तर, पुढे : नको. ट्रस मेंबर फक्त ओढ आणि दाब घेतो. वरची कॉर्ड (कैचीची वरची लांब कड) अखंड असते आणि पर्लिन (पत्रे पेलणारी आडवी पट्टी) नेहमी नोडवरच, म्हणजे मेंबर एकत्र येतात त्या बिंदूवरच, येते असं नाही. 1.5 मीटरच्या पॅनेलच्या (दोन नोडमधल्या भागाच्या) मध्यावर 6 किलोन्यूटन आले, तर साध्या आधारावर 2.25 किलोन्यूटन-मीटर मोमेंट येतो. कॉर्ड अखंड असल्याने तो कमी होईल, पण ट्रस मेंबरमध्ये तो उत्तरात उमटतच नाही. कॉर्ड अखंड ठेवा, मोकळीक तिरप्यांना आणि उभ्यांना द्या.

तिसरं उत्तर : ‘नोड’ला मात्र सांधाही म्हणू नका आणि जोडही. नोड हा बिंदू आहे, त्याला आकारमान नाही. 75×75×6 मिमीच्या अँगलचा (एल आकाराच्या मेंबरचा) गुरुत्वमध्य पाठीपासून 20.6 मिमीवर, बोल्टची ओळ 40 मिमीवर. मॉडेलमधली रेषा गुरुत्वमध्यातून जाते, बोल्ट जवळपास 20 मिमी बाजूला. 50 किलोन्यूटनच्या ओढीला तिथेच सुमारे 1 किलोन्यूटन-मीटर तयार होतो. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या सिव्हिक सेंटरचं छप्पर 18 जानेवारी 1978 च्या पहाटे बर्फाच्या भाराने कोसळलं. काही तासांपूर्वी तिथे बास्केटबॉलचा सामना झाला होता, हजारो लोक होते. छपराचा हिशेब संगणकावर झालेला होता. वरच्या कॉर्डला मध्ये आधार मिळतो असं त्यात धरलं होतं, पण तिरपे मेंबर प्रत्यक्षात कॉर्डच्या खाली एकत्र येत होते, त्यामुळे आधार लुळा पडला. मला हे उदाहरण वर्गात सांगावंसं वाटतं, कारण तिथे कागदावरचा बिंदू आणि छपरातला जोड एकच मानले गेले.

विचारणाऱ्याकडून : मग टिपणात असं लिहितो : ‘नोड’ तसाच, गसेट-बोल्टला ‘जोड’, रिलीजला ‘मोकळीक’. ‘बिजागरी’ फक्त खऱ्या पिनेच्या आधारासाठी.

पहिलं उत्तर, पुन्हा : चालेल. ड्रॉइंगवर मात्र ‘मोकळीक’ लिहू नका, फिटर बोल्ट ढिले ठेवायचे समजेल. तिथे बोल्टचा व्यास, संख्या आणि अंतर एवढंच द्या.